पायाळूची कंबर

"पेशंट मी आणतो," एवढंच बोललो मी. बाकी सगळं आपोआप घडत गेलं.

आमची हर्षाली फिजिओथेरपिस्ट होतेय. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा एक चुणचुणीत पोरगी रोज घरी येऊन त्यांना उठवायची, उभं करायची, पुन्हा बसवायची. अप्पा ज्या दिवशी आपल्या पायांनी अंगणात आले, त्या दिवशी हर्षालीने जाहीर केलं, "मला हेच शिकायचंय." मला वाटलं, होईल शांत. (ओट्यामागच्या टाइल्सवर मोर रंगवायचं वेड असंच उतरलं होतं. अर्धा मोर अजून आहे.) पण ती हायब्रीड डिग्रीला अ‍ॅडमिशन घेऊन मोकळी झाली.

हायब्रीड म्हटलं की मला टोमॅटो माहीत. ही हायब्रीड म्हणजे थिअरी आमच्या इंदिरानगरच्या डायनिंग टेबलावर, लॅपटॉप लावून, आणि प्रॅक्टिकल शनिवार-रविवारी कॉलेजात. तेव्हापासून आमच्याकडे लोणच्याच्या बरणीशेजारी प्लास्टिकचा मणका उभा असतो. पाहुणे कढी वाढून घेताना दचकतात.

परवा तिची परीक्षा होती. कंबरदुखीचा खराखुरा पेशंट घरी तपासायचा, त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, आणि परीक्षक मॅडम हे सगळं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून थेट बघणार. हे प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि आदल्या दिवशी ठरलेली पेशंट, शेजारच्या सिंधुबाई, कंबर घेऊन लेकीकडे निघून गेल्या. हर्षालीचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवेना. मी पतसंस्थेत क्लार्क असलो तरी नवरा आहे. म्हणून बोललो.

लगेच निफाडला खंडेरावमामांना फोन लावला.

"मामा, कंबर कशी आहे?"

"लय बेकार! बागेत छाटणी केल्यापास्नं वाकता येत नाय."

"मग उद्या इकडे या. घरच्या घरी इलाज करू."

"तू हायेस ना घरी?"

"आहे की. सुट्टी टाकलीय."

"मंग येतो!"

मी घरी असण्यावर मामा एवढे का खूश झाले, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कारण मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर, मग डोकं. (डोकं अजून पूर्ण आलेलं नाही, असं हर्षालीचं मत.) पायाळू माणसाने कंबरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लहानपणी मी सुट्टीत निफाडला गेलो की मामांच्या ओट्यावर माणसं पालथी पडलेली असायची. वर्गात मला कुणी विचारत नसे, पण निफाडात माझ्या डाव्या पायाला भारी मान होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले. येताना द्राक्षांची पेटी आणि धुतलेलं धोतर. हर्षालीने पांढरा एप्रन चढवला, दिवाण भिंतीपासून ओढला, लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर ज्योत्स्ना मॅडम उगवल्या. चेहऱ्यावर हसू नावालाही नाही.

हर्षालीने झकास सुरुवात केली. कधीपासून दुखतं, पायाला मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास? मामा लाजून लाल झाले, पण उत्तरं दिली. मग तिने त्यांना उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, पालथं करून मणक्याशेजारी हळूहळू दाबून पाहिलं. मी कोपऱ्यातून बघत होतो. पोरगी पास होणार, असं मला वाटायला लागलं.

"छान मामा. आता आपण व्यायाम करू."

मामा पालथेच. "व्यायाम कशाला? आधी वाल्मीकला बोलव."

"त्यांचं काय काम?"

"आता! मी आलो कशाला मग? त्याची लाथ खायला आलोय ना मी!"

लॅपटॉपमधून आवाज आला, "एक मिनिट. पेशंट लाथ म्हणाले का?"

"व्हय बाई," मामांनी मान वळवून मॅडमना समजावलं, "भाचा हाय माझा. पायाळू हाय. लय गुणाचा पाय त्याचा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी हळूच पडद्याआड सरकलो. (खिडकीच्या. लॅपटॉपच्या पडद्याआड जाता आलं असतं तर तेही केलं असतं.)

हर्षालीने मामांना खूप समजावलं. स्नायू, मणका, ताण, सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि उठून बसले. "सूनबाई, तुजं शिक्षण मोठं हाय, मी नाय म्हणत नाय. पण लाथ नसंल तर मी आपला निफाडची गाडी पकडतो." आणि ते टोपी शोधायला लागले.

पेशंट चालला म्हणजे वर्ष चाललं. हर्षालीचे डोळे भरून आले, पण ते एकाच क्षणापुरतं. तिने नाक ओढलं, पदर खोचावा तशी एप्रनची बाही वर सारली आणि कॅमेऱ्याकडे वळली.

"मॅडम, पेशंटच्या नसा ठीक आहेत, मी तपासल्यात. दुखणं स्नायूंचं आहे. त्यांचा विश्वास त्या पायावर आहे. माझे मिस्टर पाय नुसता टेकवतील, जोर देणार नाहीत. मग पेशंट माझे व्यायाम करतील. मामा, कबूल?"

"कबूल!"

मॅडम कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "नुसता टेकवायचा. मी बघतेय."

"अहो, या इकडे," हर्षाली म्हणाली.

आलो. मामा पुन्हा पालथे पडले. दिवाण चांगला उंच. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, देवाचं नाव घेतलं आणि डावा पाय उचलला. निफाडला मी पाय उचलायचो तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्यानंतर माझी सगळी हालचाल खुर्ची, चहा, खुर्ची एवढीच. पाय मामांच्या कंबरेला टेकला मात्र, आणि माझ्या कंबरेत कट्‌कन आवाज झाला.

"आई गं!"

"उतरली!" मामा ओरडले. "वाल्मीक, उतरली बघ!"

"मामा, मला भरली!"

खरंच भरली. पाय खाली घेता येईना, वर ठेवता येईना. मी एका पायावर, एक हात टीव्हीवर, अशा अवस्थेत बोंब ठोकली. मामा टुणकन उठून बसले, त्यामुळे माझ्या पायाखालचा आधारही गेला. हर्षालीने मागून येऊन काखेत हात घालून मला धरलं.

"मामा, यांना दिवाणावर घ्यायचंय. थांबा, कंबरेतून वाकू नका! गुडघे वाकवा, पाठ सरळ, आता उचला."

मामांनी तसंच केलं. मला कुशीवर घेतलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. मी मरणार असल्याचं सर्वांना सांगितलं. हर्षालीने मलाही तेच प्रश्न विचारले. लघवीचाही. मॅडमच्या समोर.

"श्वास घ्या. हळू. आता उताणे व्हा, एक गुडघा छातीकडे."

"नाही होत! अगं, मेलो!"

तिने एक क्षण विचार केला. मग म्हणाली, "मामा, भाचा घाबरलाय. तुम्ही आधी करून दाखवा, म्हणजे त्याला धीर येईल."

मामा छाती फुगवून सतरंजीवर आडवे झाले. "ए वाल्मीक, इकडं बघ. यात काय हाय?" आणि मघाशी गाडी पकडायला निघालेल्या माणसाने एकेक व्यायाम नीट करून दाखवला. कंबर उचलणं, गुडघा ओढणं, सगळं. हर्षाली त्यांची चूक सुधारत होती, मला धीर देत होती, मध्येच मॅडमना कारण सांगत होती. एकाच परीक्षेत दोन पेशंट. मी कण्हत होतो, पण खोटं कशाला सांगू, बायकोचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

"पुरे," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पास आहात तुम्ही. आणि न ऐकणाऱ्या पेशंटला ज्या पद्धतीने व्यायामाला लावलंत, ते मी वर्गात सांगणार आहे." मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुमच्या मिस्टरांना शनिवारी कॉलेजला घेऊन याल? मुलांना त्यांचा उपयोग होईल."

हर्षाली तिथेच खाली बसून रडली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी आडव्यानेच दोघांना द्राक्षं खायला सांगितली.

शनिवारपर्यंत मी हिंडाफिरायला लागलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. जुनी विद्या आणि आधुनिक शास्त्र या विषयावर चार शब्द बोलायची तयारी केली. वाटेत हर्षालीला दोनदा म्हणूनही दाखवले. तिने हसू दाबलं. वर्ग गच्च भरला होता. मला पाहताच सगळी मुलं उठून उभी राहिली. मी हात जोडले, घसा खाकरला.

"मित्रहो..."

"अहो, भाषण नको," ज्योत्स्ना मॅडम टेबलावर चादर अंथरत म्हणाल्या. "शर्ट काढा आणि पालथे पडा. आणि दाबल्यावर परवासारखंच ओरडा, म्हणजे मुलांना नेमकी जागा कळेल."