जंतूची पाठवणी

पहिलीच्या बाईंचं एकच चुकलं. त्यांनी जंतूच्या तोंडी मरतानाचं भाषण घातलं.

तसं नाटक साधंच. एक मुलगा हात न धुता डबा खातो, जंतू त्याच्या पोटात शिरायला निघतो आणि साबण येऊन जंतूला ठार करतो. पण बाईंचं मन लोण्याचं. जंतू झाला म्हणून काय, जाताना त्याने चार शब्द बोलू नयेत? त्यातून जंतू झाला होता बटण. वर्गात सगळ्यांत चिमुकला, पुढचे दोन दात पडलेला. साबणाने मिठी मारताच तो कोसळला आणि म्हणाला, "येतो मी. माझी आई वाट बघत असेल. मला विसरू नका हं."

अख्खी पहिली धाय मोकलून रडली. बाईंनीही डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुटीत नळाजवळ चिटपाखरू नव्हतं.

"हात धुवा रे!"

"नाही. जंतू मरेल."

"अरे, बटण हा काय, समोर खातोय."

"तो नाटकातला. हातावर खरा असतो," एकीने बाईंना समजावलं.

साबण झालेल्या मुलीशी सगळ्यांनी कट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. "बाई, ही आंघोळीला साबण लावू देत नाही. म्हणते, मीच मला कशी लावू?"

मोठ्या बाईंनी पहिलीच्या बाईंना बोलावून घेतलं. "शुक्रवारी तपासनीस साहेब येतायत. नाटक म्हणजे वेळेचा चुराडा, असं त्यांचं आधीच मत. हे काळे पंजे दिसले की तुमचा नाटकाचा तास बंद, त्या जागी पाढे."

दोन वर्षं हातापाया पडून मिळवलेला तास! बाई नाटकाची वही उघडून बसल्या. मग त्यांना वाटलं, देवाच्या दारी पतिताचाही उद्धार होतो, मग जंतूनेच काय घोडं मारलंय? त्यांनी शेवट बदलला.

"मुलांनो, जंतू मरत नाही. पाण्याबरोबर मोरीतून गटारात जातो. तिथे त्याची आई असते."

"एकटा जातो?"

"पाणी असतं ना सोबत."

"पत्ता माहितीये त्याला?"

"पाण्याला माहितीये."

वर्गाचा जीव भांड्यात पडला. बटण मात्र रागावला. "मग आधी नाही का सांगायचं? तीन दिवस त्याची आई जेवली नसेल!"

शुक्रवारी शाळा भरल्यापासून नळावर रांग. एकदा हात धुतले की मुलं अंगणातल्या मातीत हात घोळवून पुन्हा रांगेत.

"हे काय रे?" बाई ओरडल्या.

"मातीतल्यांना आया नसतात का?"

तेवढ्यात साहेब आले. रांग पाहून खूश झाले. बटणने त्यांचा हात धरला. "आजोबा, तुमचे केव्हापासून अडकलेत?"

साहेबांना काही कळेना, पण साबण झालेल्या मुलीने, आता तिचा मान वाढला होता, त्यांना कोपरापर्यंत फेस फासला. नळ सोडला. नळाने एक उचकी दिली आणि डोळे मिटले. टाकी रिकामी!

"अर्ध्या वाटेत अडकले!" कुणीतरी हंबरडा फोडला.

शिपाई शेजारी पाणी आणायला पळाला. साहेब पुढे हात धरून खुर्चीत बसले. नाक खाजलं तरी खाजवता येईना. पहिली भोवती कोंडाळं करून बसली आणि बटण साहेबांच्या पंजांशी बोलू लागला. "घाबरू नका. पाणी येतंय. घरी गेल्यावर आधी आईला भेटा, मग खेळा."

पाऊण तासाने बादली आली. मोठ्या बाईंनी घाईघाईने तांब्या उचलला.

"थांबा," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्याचं बोलणं पुरं होऊ द्या."

मग पाणी पडलं. फेस गोल फिरत मोरीत गेला. साहेब तसेच वाकून बघत राहिले.

मोठ्या बाईंनी शेऱ्याची वही पुढे केली. "साहेब, तो नाटकाचा तास..."

"चालू राहू दे तो तास," साहेब कुजबुजले. "आणि जरा हळू बोला हो. आत्ताच निघालीयत लेकरं."