क्रांती चौकाला पैठण ऐकू येईना

लीलाबाईंच्या दारात सकाळी सकाळी दोन टँकर तोंडाला तोंड लावून उभे राहिले. गल्ली इतकी अरुंद, की एकाने मागे घेतल्याशिवाय दुसऱ्याला हलता येईना. दोन्ही ड्रायव्हरांच्या मोबाइलवर एकच पत्ता होता.

"ही खेप माझी हाय. मागं घे," सांडू म्हणाला.

"मग माझ्या मोबाइलवर काय लग्नाचं आमंत्रण आलंय व्हय?" कारभारी खिडकीतून ओरडला.

लीलाबाईंनी तोडगा काढला. "भांडू नगा रे. दोन्ही ओता."

टाकी भरली, पिंपं भरली, शेवटी अंगणही धुऊन झालं. जायकवाडी धरणाचा तळ दिसायला लागलेल्या त्या उन्हाळ्यात एवढं ओलं अंगण कुणी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ते बघत राहिल्या. मग त्यांनी फोन लावले आणि ते सगळे श्रीधर वाळिंब्यांच्या टेबलावर येऊन आदळले.

श्रीधर ऋतुराजदादांच्या पाण्याच्या टँकरांच्या कंपनीत नेटवर्क इंजिनियर होता. शहराभोवती रोज नवी कॉलनी उगवत होती. नळ मागाहून येणार होते, म्हणजे येणार नव्हते. तिथले टँकर कुठे पाठवायचे ते दादांचे दोन सर्व्हर ठरवायचे. एक काम करी, दुसरा राखीव असे. दोघेही सतत 'मी आहे, मी आहे' असा पुकारा करत. पुकारा थांबला की दुसऱ्याने समजायचं, पहिला गेला, आता कारभार आपला. या पुकाऱ्याची पद्धत मल्टिकास्ट: एकदाच ओरडायचं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकायचं. क्रांती चौकातल्या ऑफिसात दोघे एका खोलीत होते, तोवर सगळं सुरळीत होतं.

मग दादांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं, की दुसरा सर्व्हर दुसऱ्या गावात असावा. त्यांनी तो उचलून सासऱ्यांच्या पैठणच्या गोदामात ठेवला.

"तिथंच का?" श्रीधरने विचारलं होतं.

"धरण हाय ना तिथं. मशीन थंड राहील."

आता श्रीधरने इंटरनेटवाल्याला फोन केला. "लाइन एकदम ओके हाय साहेब," तो म्हणाला, आणि नवल म्हणजे ते खरं होतं. पैठणचं मशीन थेट नावाने हाक मारली की लगेच उत्तर देत होतं. पण त्याच्या पडद्यावर लिहिलेलं होतं: 'क्रांती चौक बंद. कारभार माझ्याकडे.' आणि क्रांती चौकाच्या पडद्यावर: 'पैठण बंद. कारभार माझ्याकडे.' दोघेही जिवंत, आणि दोघेही एकाच गादीवर बसलेले. प्रत्येक मागणीवर दोघेही टँकर धाडत. एका दारात दोन जात, चार दारं कोरडी राहत.

"रिस्टार्ट मार," दादांनी फर्मावलं.

श्रीधरने मारला. दोन्ही मशीनं उठली, थोडी वाट पाहिली आणि पुन्हा एकमेकांना मृत घोषित करून मोकळी झाली.

तेवढ्यात कालिंदीचा, त्याच्या बायकोचा फोन आला. "आपल्याकडे टँकर आला नाहीये. तुझीच कंपनी ना रे?"

श्रीधरने पैठणची एसटी पकडली.

गोदामात कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून त्याने पुकारा कुठे हरवतो ते शोधलं. निघत होता तो व्यवस्थित, पण राउटर ओलांडायची परवानगीच त्याच्याजवळ नव्हती. पहिल्याच राउटरवर मरत होता. श्रीधरने परवानगी दिली. मग राउटरच अडून बसले. असले पुकारे पुढे ढकलायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. श्रीधरने दोन्हीकडच्या राउटरांना सांगितलं. शेवटी उरला सासऱ्यांनी घेतलेला स्वस्त स्विच, म्हणजे मशीन आणि राउटर यांच्या तारा जोडणारा डबा. इथे कुणी ऐकणारं आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो पुकारा पुढे देईना. श्रीधरने तो काढून टाकला आणि मशीनची तार थेट राउटरला जोडली.

आणि पैठणला क्रांती चौक ऐकू आला. पैठणच्या मशीनने मुकाट्याने राखीव जागा घेतली. एवढ्या समजूतदारपणे खुर्ची सोडताना श्रीधरने जिल्ह्यात कुणाला पाहिलं नव्हतं. आनंदाने तो गोण्यांवरच आडवा झाला.

फोन वाजला. दादा दबक्या आवाजात बोलत होते. "श्रीधर, काय केलंस बाबा? ऑफिसातल्या बोर्डावरच्या निम्म्या खेपा गायब झाल्या!"

"दादा, त्या वेगळ्या नव्हत्याच. एकाच दाराला दोन्ही मशीनं एकेक खेप लावत होती."

"नव्हत्या कशा? आत्ता पत्रकारायला दाखवत होतो, खेपा दुप्पट केल्या म्हणून. त्यायच्या डोळ्यांदेखत आकडा पडला! व्हतं तसं कर."

"पण दादा, लोकांच्या घरी पाणी पोचत नव्हतं."

"लोकायच्या टाकीत कमी पडलं तर उद्या बघता येतंय. बोर्डावर कमी पडलेलं आजच दिसतंय. कर लवकर!"

श्रीधरला कालिंदीचा फोन आठवला. नोकरीही आठवली. त्याने तोच स्विच पुन्हा जोडला. थोड्याच वेळात पैठणने क्रांती चौकाला पुन्हा मृत घोषित केलं आणि बोर्ड भरभरून वाहू लागला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दादांचा हसरा फोटो होता. दादा पेढ्यांचा पुडा घेऊन श्रीधरच्या टेबलाशी आले.

"सरकारी साहेब लोक लई खूश हायेत. आता वैजापूरला तिसरं मशीन ठेवू. खेपा तिप्पट!"

श्रीधरने धीर करून विचारलं, "दादा, या वेळी सुरुवातीपासूनच तिघांचं एकमेकांशी बोलणं चालू ठेवायचं का?"

दादांनी त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"येडा का काय? बोलायला लागले की पाणी कमी होतंय. तूच तर शोध लावलास!"