सिंहापुढे चिचुंद्री

साहेबांशी हरावं तर भाऊसाहेबांनीच! याबद्दल ऑफिसात दुमत नव्हतं. भाऊसाहेब म्हणजे तिथले हेडक्लार्क. अकरा वर्षांत ते साहेबांशी कॅरममध्ये हरले, बुद्धिबळात हरले, टेबल टेनिसमध्ये तर पाय मुरगळून घेऊन हरले. साहेबांच्या केबिनमधलं चषकांचं कपाट निम्म्याहून अधिक त्यांच्याच कर्तृत्वानं भरलं होतं. हरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आणि हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं बरं! कोणी मुद्दाम हरलेलं साहेबांना अजिबात खपत नसे. एका स्टेनोनं बुद्धिबळात घाईघाईनं आपला वजीर देऊन टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेलं. टेबल आणि स्टेनो अजून तिथेच आहेत.

अशात उपव्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. खिडकीवाली केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी! भाऊसाहेबांनी मनातल्या मनात पाटीवरची अक्षरंसुद्धा ठरवून टाकली. नेमके त्याच आठवड्यात साहेबांनी जेवणाच्या खोलीत मोठा टीव्ही लावला आणि त्याला गेमचा डबा जोडला.

"मारामारीचा गेम आहे," साहेब म्हणाले. "आधी माणसं लढतात. मार दिला किंवा खाल्ला की ज्याची त्याची खालची पट्टी भरत जाते. पट्टी भरली, बटण दाबलं, की माणसाचा अर्धा प्राणी होतो! यात नेतृत्वगुण कळतात. शुक्रवारी सगळ्यांनी माझ्याशी खेळायचं."

साहेबांनी सिंह घेतला, हे सांगायला नकोच. मग बाकीच्यांनी आपापला हुद्दा पाहून प्राणी घेतले. वसुलीवाल्यानं कोल्हा घेतला, टायपिस्टबाईंनी ससा. हत्ती, अस्वल, गेंडा यांच्याकडे कोणी डोळा वर करून पाहिलंसुद्धा नाही. भाऊसाहेबांनी सगळ्यात शेवटची चिचुंद्री निवडली आणि खोलीत कौतुकाची कुजबुज झाली.

"शुक्रवारी बघाच," ते घरी बायकोला म्हणाले. "असा हरतो, असा हरतो, की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!"

"पण अहो, तुम्हाला तो खेळ येतो कुठे?"

"म्हणून तर आईंकडे शिकणार!"

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी ती हलती ठेवायला सांगितली होती. दुसऱ्या कोणी विणकामाच्या सुया घेतल्या असत्या. यांनी हाच गेम घेतला. दुपारी जेवण झालं की त्या चष्मा पुसून अस्वल व्हायच्या आणि शेजारणीच्या गेंड्याला धोपटून काढायच्या.

"जावईबापू, सोपं आहे," सासूबाई म्हणाल्या. "निळं बटण बचावाचं. ते दाबत राहा, मधूनमधून मार खा. पट्टी भरली की प्राणी व्हायचं बटण लाल. त्याला हात लावायचा नाही. मग तुम्हाला जिंकवायला कोणाचा बाप आला तरी जमणार नाही!"

भाऊसाहेबांनी चार दिवस घाम गाळला. कण्हायचं कधी, "अरेरे!" म्हणायचं कधी, सगळं बसवलं.

शुक्रवारी सुरुवात तर झकास झाली. साहेबांनी दोन ठोसे हाणले, भाऊसाहेब कण्हले. साहेबांनी लाथ मारली, भाऊसाहेब "अरेरे!" म्हणाले. दोघांच्याही पट्ट्या काठोकाठ भरल्या. साहेबांचा सिंह झाला आणि अंगावर धावून आला. भाऊसाहेबांनी बचावाचं निळं बटण दाबलं.

पडद्यावर वीज कडाडली! त्यांच्या माणसाला हे लांबलचक नाक फुटलं, नखं आली आणि तो जमिनीत गडप झाला.

"अरे बापरे!" भाऊसाहेब खरोखरच घाबरले आणि जिवाच्या आकांतानं निळं बटण दाबत सुटले. दर वेळी चिचुंद्री नव्या ठिकाणी जमिनीतून उसळायची आणि सिंहाला छताला आपटायची. सातव्यांदा सिंह उठलाच नाही.

टायपिस्टबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"पुन्हा!" साहेब म्हणाले.

पुन्हा तेच! भाऊसाहेब जितका बचाव करायला जात, तितका सिंह उताणा पडे. तिसऱ्या डावानंतर ते कपाळावरचा घाम पुसत बाहेर पळाले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई, निळं बटण बचावाचंच ना?"

"आपल्याकडे हो," सासूबाई म्हणाल्या. "माझा अंगठा दुखतो ना, म्हणून मी बटणं बदलून घेतलीत. बाकी सगळीकडे निळ्यानंच प्राणी होतात, आणि झाल्यावर त्यानंच हाणतात. का हो?"

ते परत आले तेव्हा साहेब एकटेच बसले होते.

"भाऊसाहेब, तुम्ही इतके चपळ, आणि कॅरममध्ये तुमची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडते?"

"साहेब, शपथेवर सांगतो, मी आजही हरायलाच आलो होतो!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. साहेबांची नजर हळूहळू केबिनच्या काचेतून दिसणाऱ्या कपाटाकडे गेली. त्यांचा चेहरा इतका उतरला, की भाऊसाहेबांना पहिल्यांदाच त्यांची मनापासून दया आली.

"एकही खरा नाही?"

भाऊसाहेबांना खोटं बोलवेना. त्यांनी बटणांपासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. सोमवारी त्यांचं टेबल तळघरात, स्टेनोच्या शेजारी गेलं. पण पुढच्या रविवारी साहेब स्वतः त्यांच्या दारात हजर!

"तुमच्या सासूबाई खऱ्या खेळतात ना?"

"त्या कोणाला सोडत नाहीत, साहेब."

सासूबाईंनी त्यांना चहासुद्धा थंड होऊ न देता नऊ वेळा लोळवलं. साहेब खूश होऊन गेले. पुढचे चार रविवार हेच चाललं. आणि सहाव्या रविवारी, अस्वलाचा शेवटचा पंजा केसभर चुकला आणि सिंहानं झेप घेतली!

"जिंकलो!" साहेब सोफ्यावर उभे राहिले. "भाऊसाहेब, पाहिलंत? हा खरा! आयुष्यातला पहिला खरा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई अंगठा चोळत "अरेरे!" म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. खिडकीवाली केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी! भाऊसाहेब पेढे घेऊन घरी आले आणि सासूबाईंच्या पाया पडले.

"आई, काल तुमचा पंजा चुकला म्हणून माझं नशीब उघडलं!"

सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"जावईबापू, आधीचे पाच रविवार मला जिंकावं लागलं, नाहीतर तुमच्यासारखं उघडं पडलं असतं," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं नोकरी केली मी. सात साहेबांशी हरले. एकालाही कळलं नाही!"