पालखीच्या वाटेतली वायर

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत शिमग्याची पालखी आली होती आणि कुशाबाच्या डोक्यात मात्र एसी होता.

गेल्या वर्षी पालखी दारात यायच्या आधीच मुलगा राजेश आणि सून अंकिता मुंबईला निघून गेले. अंगणात पालखी नाचली, पण पालखीला खांदा द्यायची मुलाची जागा रिकामी. कुशाबाला ते वर्षभर लागून राहिलं. सून उकाड्याला कंटाळली, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं. विचारलं कुणालाच नाही. सासऱ्यानं विचारायचं म्हणजे कमीपणा, नाही का!

यंदा राजेश अंकिताला घेऊन भाड्याच्या कॅम्परव्हॅननं आला. आत पलंग, शेगडी, एसी, सगळा संसार. पालखी झाली की आईबापाला त्यातूनच समुद्रावर न्यायचं होतं.

"आबा, एसी लावायचा नाय हां," गाडी परसात लावताना राजेश म्हणाला. "त्याला जाड वायर लागते. आपल्या घरात ती नाय."

"बरं," कुशाबा म्हणाला. या 'बरं'चा अर्थ साळूबाईला लग्नापासून ठाऊक होता.

राजेश-अंकिता वरच्या आळीत पालखी बघायला गेले, तसा कुशाबा माळ्यावर चढला आणि गणपतीच्या रोषणाईची वायर घेऊन उतरला.

"अवो, पोरगा नको बोलला ना?"

"त्यो लाजतोय गो. येतील तवा गाडी कशी गारेगार पायजे."

वायर जोडली, एसी घुरघुरला. पण वायर लांबलचक, अंगणभर पसरली. पालखीचे भोई अनवाणी येणार, देवाच्या वाटेत वायर कशी चालेल? कुशाबानं उरलेल्या वायरीचं छान घट्ट वेटोळं केलं, कडेला ठेवलं आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून वर पेंढा टाकला. मोठ्या समाधानानं मिशीवर हात फिरवला. काय म्हणावं या माणसाला!

वेटोळ्यातली बारीक वायर तापली, वर पेंढ्याचं पांघरूण. थोड्या वेळानं साळूबाईनं नाक वर केलं.

"काय जळतंय वो?"

पेंढ्यातून धूर निघत होता. ती हंडा घेऊन धावली.

"पाणी नको! वीज हाय गो!" कुशाबानं आधी मीटरचा खटका पाडला. मग पेंढा विझवला. पण गाडीचा सॉकेट वितळून लोंबत होता आणि एसी मेला होता.

राजेश आणि अंकिता धावत आले. राजेशनं गाडीच्या मालकाला फोन लावला. पलीकडून आलेला आवाज अंगणभर ऐकू गेला. गाडी आत्ताच्या आत्ता महाडच्या गॅरेजात पाहिजे होती, आणि राजेशशिवाय कुणाला ती चालवता येत नव्हती.

"पालखी दोन घरांवर हाय रे," कुशाबा कसाबसा म्हणाला.

"मी सांगितलेलं ना, आबा?" राजेश एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. गाडी उतारावरून गेली आणि कुशाबाचे डोळे भरून आले.

"सूनबाय, तुला उकडतं म्हनून केलं गो."

"मला?" अंकिता बघतच राहिली. "आबा, माझं माहेर इथलंच, बिरवाडीचं. तिथे काय बर्फ पडतो? गेल्या वर्षी यांची रजा संपली होती. यंदा मी भांडून वाढवून घ्यायला लावली!"

"मंग इचारायचं व्हतंत की!" साळूबाई नवऱ्यावर कडाडली.

ढोल दारात आले. दुखऱ्या कमरेनं कुशाबानं स्वतःच खांदा दिला. गावचा मानकरी श्रीपत गाऱ्हाणं घालायला पुढे झाला.

"बोल कुशाबा, देवाकडं काय मागनं?"

"पोराला फुडल्या वर्साला दारात उभा कर, महाराजा," कुशाबा म्हणाला. "आनि तवर माझा हात विजेपासून लांब ठेव."

"होय महाराजा!" गाव गरजला. त्यात सगळ्यात मोठा आवाज साळूबाईचा होता.