देवळात मंजूर झालेली उत्क्रांती

गेल्या नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीने माणूस माकडापासून नव्हे तर पाण्यातून आला, हे एकमताने मान्य केले. हे देवळात घडले. चाळीसेक माणसे हजर होती. आपण काय मान्य केले, हे त्यातल्या बहुतेकांना नंतर कळले.

विषय मूळचा बाबी गुरुजींचा. गुरुजी माझे शेजारी, निवृत्त विज्ञानशिक्षक. तीस वर्षे त्यांनी मुलांना पुस्तकातले माकड शिकवले आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते रद्द केले. त्यांच्या मते आपला पूर्वज झाडावरून उतरून रानात गेलाच नाही. तो खाडीत शिरला आणि कमरेइतक्या पाण्यात खडकावरची कालवे, म्हणजे शिंपल्या, काढून खात राहिला. नाक पाण्यावर ठेवायचे म्हणून दोन पायांवर उभा राहिला, भिजून भिजून अंगावरचे केस गेले, थंडी वाजू नये म्हणून कातडीखाली चरबी आली. शंका घेणाऱ्याला ते म्हणत, "कमरेइतक्या पाण्यात जा नि चार पायार चलून दाखय. पुरावो घे."

एकदा चहाच्या टपरीवर कोणी विचारले, "गुरुजी, म्हशीच्याव आंगार केस कमी. ती खंय कालवां काढूक गेल्ली?"

"म्हशीचो अभ्यास चालू आसा," गुरुजी म्हणाले.

ते स्वतः गुडघ्यापलीकडे पाण्यात जात नसत. पोहता येत नव्हते. त्यावर त्यांचे म्हणणे, "मी जरा पुढे उत्क्रांत झालंय."

त्यांनी लग्न केले नाही. घरात ते आणि धाकटा भाऊ दिगा, दोघेच. दिगाची मासेमारीची छोटी होडी आहे. सिद्धांत सुरू झाला की तो ताट मांडी. "दादा, माकड काय नि मासो काय, आधी जेव."

त्या आठवड्यात सोमवारी पहाटे दिगा जोडीदाराला घेऊन समुद्रावर गेला आणि संध्याकाळी परतला नाही. फोन लागेना. वारा वाढला होता. मंगळवारी शोधायला गेलेल्या होड्या तशाच परत आल्या. गुरुजी दिवसभर किनाऱ्यावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, "माकडाच्या कातडेखाली चरबी नसता. माणसाच्या आसता. माणूस तरंगता." थोड्या वेळाने हेच पुन्हा म्हणाले. पुरावो घे, असे मात्र म्हणाले नाहीत.

बुधवारी ते देवळात आले. शिक्षक झाल्यापासून ती पायरी चढले नव्हते. त्यांना गाऱ्हाणे घालायचे होते. आमच्याकडे एकजण देवापुढे मागणे बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. वाक्य काय आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. नेहमी बोलणारे गावकर मुलाकडे मुंबईला गेलेले. "तुमचो भाव, तुमीच बोला," लोक म्हणाले.

"बा देवा म्हाराजा, माझो भाव सोमवारी दर्यार गेलो, तो अजून इलो नाय."

"होय म्हाराजा."

पुढचे शब्द त्यांना येत नव्हते. मग जे पाठ होते ते बोलू लागले.

"आमचो मूळ पुरुष झाडावरसून नाय, पाण्यातसून इलो."

"होय म्हाराजा."

"तेच्या कातडेखाली चरबी दिलंस, ती तरंगाक दिलंस."

"होय म्हाराजा."

"ह्या सगळा माझा चुकीचा आसात, तर मी माकड मान्य करतंय. परत तोंड उघडूचंय नाय. पण दिग्याक घराक घेवन ये."

या वेळी "होय म्हाराजा" जरा उशिरा आले, पण सगळ्यांचे आले.

दुपारी एकच्या सुमारास देवगडहून फोन आला. इंजिन बंद पडून होडी वाहत गेली होती. दुसऱ्या होडीने ओढून बंदरात आणली. दोघेही सुखरूप होते. संध्याकाळी दिगा रिक्षातून उतरला.

गुरुजींनी विचारले, "पाण्यात पडललंस?"

"नाय. होडयेतच होतंय. तू जेवलंस?"

गुरुजी सोमवारपासून जेवले नव्हते. दिगाने भाताची पेज केली. गुरुजींनी तीनदा घेतली.

त्यानंतर टपरीवर गुरुजींनी विषय काढला नाही. दुसऱ्या कोणी माकडाचे नाव घेतलेच, तर लोकच त्याला गप्प करीत. "पाण्यातसूनच इलो. आमी देवासमोर होय म्हटला हा."

पुढच्या सोमवारी पहाटे होडी पुन्हा सुटली, तेव्हा मी किनाऱ्यावर होतो. होडीत तीन माणसे होती. तिसरे गुरुजी होते, दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलेले.