हेल्मेट जमा करा

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणारा एक माणूस दोर तुटून खाली पडला आणि कार्यालयाच्या काचा अर्ध्याच पुसलेल्या राहिल्या. याबद्दल कार्यालयाने तीव्र नाराजी नोंदवली. पुढे त्याची बायको भरपाई मागायला आली, तेव्हा ही नाराजी आणखी तीव्र झाली.

"बाई, मयताने हेल्मेट जमा केलेलं नाही," साहेब म्हणाले. "ते आल्याशिवाय पुढचं बोलूच नका."

"त्यांना मिळालंच नव्हतं, साहेब. तपासणीच्या दिवशी हेल्मेटं बाहेर निघतात. फोटो झाला की परत कुलपात."

"म्हणजे विनाहेल्मेट चढले?" साहेबांच्या चेहऱ्यावर सहानुभूती पसरली. "मग चूक त्यांचीच. भरपाईचा प्रश्नच मिटला. नीट आठवून सांगा, होतं की नव्हतं?"

सोबत आलेल्या धाकट्या दिराने तिला कोपराने ढोसलं. "वहिनी, होतं म्हणा."

"होतं," ती म्हणाली.

"मग आणा."

घरी लेकरं, दाराशी घरमालक. तरी तिने कानातलं मोडलं आणि बाजारातून नवंकोरं हेल्मेट आणलं. साहेबांनी ते नाकाजवळ धरून फिरवलं.

"ओरखडासुद्धा नाही! माणूस एवढ्या उंचावरून पडतो आणि हेल्मेट असं टवटवीत? अपघात झाला होता ना नक्की?"

ती जिन्याखाली गेली. पहिला दगड हळूच मारला. नवी वस्तू, हात धजेना. मग नवरा आठवला की साहेब, कोण जाणे, पण असा घाव घातला की हेल्मेट उभं तडकलं.

"आता कसं!" साहेब खूश झाले आणि लगेच गंभीर. "पण ही कार्यालयाच्या मालमत्तेची नासधूस झाली. तिची वसुली तुमच्याकडून होणार."

"मी कुठून देऊ हो?"

"अहो, आम्हीपण माणसंच आहोत. मयताची जागा वारसाला देऊ, पगारातून कापून घेऊ. हे कोण? दीर? बरं झालं. उंचीची भीती वाटते का?"

"वाटते की," दीर म्हणाला.

"मग हेल्मेट कशासाठी आहे?"

दुसऱ्याच दिवशी दीर चढला. डोक्यावर तेच तडकलेलं हेल्मेट, कारण दुसरं दिलं असतं तर नोंद जुळली नसती. दोरही तोच, मध्ये गाठ मारलेला. दोराबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. वहिनी खाली रस्त्यावर, मान वर करून उभी होती, जणू तिच्या नजरेनेच तो धरून ठेवला होता.

तुम्ही पाहिलंय त्याला. काचेपलीकडे लोंबकळत होता, सावली तुमच्या टेबलावर पडली होती. तुम्ही आतून काचेवर टकटक केलीत, बाजूला हो म्हणून खुणावलंत. तो बिचारा बाजूला झालाही.

मग तुम्हाला छान उजेड मिळाला.