नानांचे चार वाव

गोदूबाई नानांपेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या. साऱ्या गावाला ते दिसत होतं, फक्त नानांना मान्य नव्हतं. लेक प्रेमलता आईच्या वळणावर गेलेली. त्या उंचीपायी बिचारीची दोन स्थळं मोडली. आज वालावलहून तिसरं येणार होतं, आणि नेमका सकाळी विहिरीचा दोर तुटून कळशीसकट तळाला गेला.

"कट्ट्याच्या बाजारात जावा नि बांयक चार वाव दोर घेवन येवा," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या..."

"वाव म्हणजे काय तां माका शिकवू नको!" म्हणत नाना निघालेसुद्धा.

सरकारचा नवा मीटर नुकताच बाजारात आला होता. दुकानदारानं ती पट्टी पुढे केली.

"ह्यो खंयच्या माणसाचो हात रे?" नाना खेकसले. "वाव म्हणजे दोनव हात ताणायचे. ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत. देवान दिलेला माप!"

"बरा. आमचो गणपत मापता. त्याचे हात लांब आसत."

नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझे काय झडले?" म्हणत त्यांनी छाती फुगवून स्वतःच चार वाव दोर मोजला.

घरी पोचले तेव्हा मुलाची आई, कृष्णाबाई, अंगणात पाय धुवायला खोळंबलेली, आणि घरात पाण्याचा थेंब नाही. नानांनी दुसरी कळशी बांधून विहिरीत सोडली. ती पाण्याच्या हातभर वरच लोंबकळत राहिली. नाना कठड्यावर ओणवे झाले, पाय जमिनीवरून सुटले, तरी कळशी टेकेना. दोर आखूड, पण नानांचा पीळ भरपूर.

"माझ्या हातांचे चार वाव सांगत होतंय मी!" गोदूबाईंनी कपाळ बडवलं.

उंची दिसू नये म्हणून पाटावरून उठायचं नाही, अशी प्रेमलतेला सक्त ताकीद होती. पण बापाचे हवेतले पाय पाहिल्यावर कसली ताकीद! तिनं धावत येऊन बापाला मागे ओढलं, दोराचं टोक धरून हात खाली सोडला आणि कळशी बुडवली. मग भरली कळशी घेऊन ती कृष्णाबाईंपुढे ताठ उभी राहिली. गोदूबाईंनी पदरानं तोंड झाकलं. संपलं, हेही स्थळ गेलं.

कृष्णाबाईंनी पोरीला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आमची बांय सहा वाव खोल," विहिरीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या.

"कोणाचे सहा?" नानांनी घाबरत विचारलं.

"माझ्या झिलाचे, नवरदेवाचे. तो उंचीन तुमच्यायेवढोच आसा. पोरगी माका पसंत. घरात कोण तरी पाण्याक पोचाक व्हया!"